भागवत दोरावर का बसला

कार्ड आईच्या हातात पडलं. मी रजेवर घरी आलो होतो आणि मागच्या अंगणात आरसा मांडून दाढी करत होतो. पोस्टमननं हाक मारली, आईनं चष्मा लावून उभ्याउभ्याच कार्ड वाचलं आणि ते माझ्यासमोरच्या आरशाला टेकवून ठेवलं. राहात्याजवळच्या एका वाडीवरच्या शाळामास्तरांचं वळणदार अक्षर होतं. भागवत विषमज्वरानं गेला, एकवीस दिवस ताप उतरला नाही, आपल्याला कळवावं असं त्यानं सांगून ठेवलं होतं, म्हणून कळवतो... एवढंच. "गेला तो," आई म्हणाली. मग धुण्याच्या दगडावर जरा टेकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला चार खांदे तरी मिळाले. माझ्या शांतूला तेही मिळाले नाहीत." आणि चुलीवर काही उतू जातंय म्हणून उठून आत गेली. माझ्या एका गालावरचा साबण तसाच वाळून गेला.

शांतू म्हणजे माझा धाकटा भाऊ शांतवन. वयाच्या पंधराव्या वर्षी तो समुद्रात गेला. आणि भागवत म्हणजे, आमच्या घरात, आमच्या ख्रिस्ती मंडळीत आणि त्याच्या स्वतःच्या गावातही गेली सहा वर्षं जी हकिकत सगळे जाणतात तिच्याप्रमाणे, ज्याच्या हलगर्जीपणानं शांतू गेला तो मुलगा. ही हकिकत खोटी आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याचे गुण सांगायची रीत आहे. भागवतचा एकच गुण मला सांगायचा आहे, पण तो सांगायचा तर आधी माझे अवगुण सांगावे लागतात, त्याला इलाज नाही.

लढाई ऐन भरात होती. नगरला छावणी आधीपासूनचीच, त्यामुळे खाकी कपड्यांचं आम्हां पोरांना काही अप्रूप नव्हतं. अप्रूप वाटलं ते आमच्या मिशन शाळेच्या पटांगणात एका गृहस्थांनी झाडाला टांगलेल्या चित्राचं. तीन डोलकाठ्या, त्यांवर फुगलेली शिडं आणि खाली निळं पाणी. मुंबईला असं एक जुनं जहाज आहे, त्यावर मुलांना दोन वर्षं शिकवतात, मग बोटीवर नोकरी लागते, असं ते सांगत होते. आगबोटीच्या काळात शिडं कशाला, असं मी चोंबडेपणानं विचारलं. ते म्हणाले, शिडाच्या जहाजावर शिकलेला मुलगा पुढे कुठल्याही बोटीवर चालतो. आमच्याकडे विहिरीत वाकून पाहिलं तर पाणी बशीएवढं दिसतं. ते निळं चित्र बघून आमचं डोकं फिरलं यात नवल नाही. मला सोळावं लागलं होतं. शांतूला चौदा पुरी होती आणि अट होती पंधराची. त्याच्या दाखल्यावरचा एक आकडा मी पात्यानं हलकेच खरवडून दुसरा केला. माझं अक्षर चांगलं, कुणाला संशय आला नाही. वडील वारलेले, आई मिशनची बायबलबाई. घरोघर बायकांना वाचून दाखवायचं आणि जमलं तर अक्षरं शिकवायची, हे तिचं काम. ती चार दिवस नाही म्हणाली, पाचव्या दिवशी हो म्हणाली. स्टेशनवर तिनं शांतूचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ह्याला नजरेआड करू नकोस."

भागवत तिथेच भेटला. एक घोंगडी, एक गाठोडं, आणि पोचवायला कुणी नाही. त्याची आई तो रांगत असतानाच गेलेली, बाप मोट सोडून येऊ शकत नव्हता. आमच्याच जहाजावर निघालाय असं कळल्यावर आईनं आमच्या शिदोरीतल्या दोन भाकऱ्या आणि कारळ्याची चटणी वेगळी बांधून त्याला दिली. आम्ही ख्रिस्ती आणि तो माळकरी घरातला. नाही म्हणायला त्याला लाज वाटली आणि खायला भीती. दौंड येईपर्यंत ते फडकं त्यानं मांडीवर नुसतं धरून ठेवलं होतं. दौंडला गाडी बदलल्यावर डब्यात इकडंतिकडं पाहून मला म्हणाला, "हितं आपल्याला कोन वळखतंय?" आणि खाल्लं. मग चटणीला नावाजलं. मी त्याचं 'वळखतंय' दुरुस्त करायला गेलो, तेव्हापासून मी त्याचा 'मास्तर' झालो तो कायमचा.

जहाजाला आम्ही म्हातारी म्हणायचो. ती होतीही तशीच, कण्हणारी आणि सगळ्यांना कामाला लावणारी. पहाटे नारळाच्या सोडणानं डेक घासायचा, मग दोरांची नावं पाठ, मग डोलकाठीवर चढणं. पिण्याचं पाणी मोजून मिळायचं. मुंबईकडची मुलं त्यावरून रडकुंडीला येत आणि आम्ही तिघं नगरवाले त्यांच्याकडे आश्चर्यानं बघत असू, कारण तांब्याभर पाण्यात दिवस काढणं आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. खाऱ्या पाण्यानं अंग धुऊन गळवं झाली, दोरानं तळहात सोलले, आवाज फुटले, ओठावर काळी रेघ आली. शांतू खारीसारखा वर चढायचा. भागवतला मात्र चढायचं भय वाटायचं. "हिरीत कितीबी खाली उतरंन," तो म्हणायचा, "पर ह्ये वर जानं आपलं न्हाई." पहिले दोन महिने शांतू त्याच्या एक पायरी खाली राहून त्याचे पाय दोरावर ठेवून देत असे. सोळा वर्षांचा दांडगा गडी आणि त्याला वर नेणारं चौदा वर्षांचं पोर. आमचा सारंग हसनमियाँ, आमच्यावर देखरेख करणारा रत्नागिरीकडचा म्हातारा खलाशी, तो खालून हे बघून हसायचा, पण कधी बोलला नाही. एरवी तो चुकीला माफ करणारा माणूस नव्हता.

आईचं पत्र पंधरवड्याला यायचं. मी ते दोघांना मोठ्यानं वाचून दाखवी. शेवटी एक ओळ ठरलेली असे, भागवताला आशीर्वाद, त्याने जपून राहावे. भागवतला कुणाचंच पत्र येत नसे. बापाला लिहिता येत नव्हतं. तो पत्रभर गप्प बसायचा आणि शेवट आला की म्हणायचा, "आता माजं वाच." एकदा चेष्टेनं मी ती ओळ गाळली. त्यानं पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः शोधली, बोट ठेवून वाचली आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

आता मोटेचं सांगतो. शीड वर चढवताना त्याचा दोर डोलकाठीवरून खाली येऊन डेकवरच्या एका कप्पीतून आडवा वळतो. मुलं ओळीनं तो ओढतात आणि टोकाशी एकजण कठड्याच्या लोखंडी खुंटीला वेढे देत आलेला दोर धरून ठेवतो. सुरुवातीला दोर पळत येतो, शेवटचा हातभर काही केल्या येत नाही. आठ मुलं लोंबकळली तरी तो तारेसारखा ताठ. एके दिवशी असाच ताठलेला दोर पाहून भागवत पुढे झाला आणि सरळ त्याच्यावर जाऊन बसला. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना यात वेगळं काही वाटणार नाही. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरू लागले की मोटकरी उडी मारून नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर बसतो, त्याच्या वजनानं बैलांचं ओझं हलकं होतं. भागवत जन्मभर तेच करत आला होता. दोर वाकला, तो उठला तेव्हा वीतभर सैल झाला, आणि टोकाशी उभ्या शांतूनं ती वीत चटकन खुंटीला गुंडाळली. पुन्हा बसला, पुन्हा वीत. जे काम आठ जणांना जमत नव्हतं ते दोघांनी केलं. सारंगानं पाहिलं आणि भागवतला कान धरून उठवलं. "बैल थांबतो रे," तो म्हणाला, "वारा थांबत नाय. दोरावर बसायचं नाय." भागवतनं ते ऐकलं. मी नाही ऐकलं.

वर्षभरानं मी आमच्या आठ जणांच्या टोळीचा तांडेल झालो होतो. टोळ्याटोळ्यांत चुरस असे, कुणाचं शीड आधी चढतं याची. सारंगाची पाठ वळली की मी भागवतला खूण करी, तो जरा कुरकुरून बसे आणि आमचं शीड आधी चढे. याला आम्ही मोट लावणं म्हणत असू. खुंटीवर नेहमी शांतूच, कारण त्याच्याइतके चपळ हात कुणाचेच नव्हते. शाबासकी मला मिळायची. मी ती घेतही होतो, तांडेल मी होतो ना!

पाऊस संपून आश्विनात आम्ही बाहेर पडलो. तिसऱ्या दिवशी दुपारी ईशान्येला काळं भरून आलं. त्या दिवसांत तिकडून अचानक झोडपणारा वारा येतो आणि अर्ध्या तासात निघूनही जातो. खाली उतरवलेलं एक लहान शीड पुन्हा वर घ्या, नाहीतर म्हातारी वाऱ्याला तोंड देऊ शकणार नाही, असा हुकूम आला. ते काम आमचं. टोळीतले पाच जण ओकून आडवे पडले होते. शेजारच्या टोळीला हाक मारली असती तर चार मुलं धावून आली असती. त्यांचा तांडेल माझ्याकडे बघत उभाच होता, मी बोलावतो की काय याची वाट पाहत. मी बोलावलं नाही. भागवत आणि शांतू, आणि मी. शेवटचा हातभर दोर उरला. मी म्हणालो, "भागा, बस."

"नगं मास्तर. वारं लई हाय."

"बस म्हणतो ना!"

"अरं सारंग..."

"तांडेल कोण? बस!"

तो बसला. शांतूनं घाईत खुंटीला एकच वेढा टाकला, कारण भागवत उठला की सैल दोर लगेच ओढून घ्यायचा होता. तेवढ्यात वारा आला. शीड एकदम भरलं आणि वेढा सुटला. भागवत उडून डेकवर आदळला, त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. दोराचं टोक फटकारलं ते शांतूच्या छातीवर. तो कठड्याला पाठ लावून उभा होता आणि म्हातारी त्याच बाजूला कलली होती. तो मागच्या मागे गेला. ओरडलासुद्धा नाही. मी अजून कधीकधी विचार करतो की ओरडला असता तर काय झालं असतं, पण काहीच झालं नसतं.

होडी उतरवली. वारा अर्ध्या तासात गेला, समुद्र शांत झाला, ऊन पडलं, आणि संध्याकाळपर्यंत शोधूनही तो सापडला नाही. भागवत मोडल्या खांद्यानं कठड्यावर चढू पाहत होता, त्याला पोहता येतं, तो तळ गाठील, त्याला सोडा म्हणून. सारंगानं आणि आणखी दोघांनी त्याला दाबून धरलं. "हिरीतनं काढलीत म्या मानसं, सोडा मला!" असं तो ओरडत होता. तिथे तळ किती खोल आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी ज्या खुंटीवरून दोर सुटला तिला दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी कप्तानाच्या खोलीत चौकशी झाली. कप्तान इंग्रज होता, एक मराठी अधिकारी दोन्हीकडचं बोलणं सांगत होता. दोरावर बसायला कुणी सांगितलं, हा एकच प्रश्न. मी सांगणार होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला बजावत आलो. आज मला त्याची खात्री नाही. गळ्यात हात अडकवलेला भागवत माझ्या आधी बोलला. "कुनी न्हाई सांगितलं सायेब. मला मोटंची सवं हाय. बसलो." मनाई असताना? व्हय, मनाई असताना. तांडेलानं अडवलं नाही? "त्यो म्होरं हुता. त्यानं बगितलंच न्हाई." अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आमच्याकडे म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे संन्यासी आपणहून पुढे झाला होता आणि चोर मान हलवत होता. भागवतचं नाव कमी झालं. माझं भावाच्या दुःखाबद्दल सांत्वन झालं.

बोरीबंदरवर मी त्याला गाडीत बसवायला गेलो. गाडी हलायच्या आधी मी विचारलं, का केलंस असं? त्यानं माझ्याकडे बघितलं, मला काही कळत नाही याचं त्याला नवल वाटावं तसं. "तुज्या आईचं एक लेकरू गेलं," तो म्हणाला, "दुसऱ्यानं घालवलं, हेबी आता तिनं आयकायचं व्हय?" सतरा वर्षांचा होता तो. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांसमोर मी नव्हतोच. पत्रातल्या त्या एका ओळीचं त्याला फेडायचं होतं.

नगरला उतरून तो आधी आमच्या घरी गेला आणि आईला जे चौकशीत सांगितलं तेच सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. पुढे दरवर्षी आश्विन सरता सरता तो येत राहिला. नव्या बाजरीची पिशवी खांद्यावर, वर चार पेरू. दार वाजवायचा नाही. पायरीखाली उभा राहायचा, आई बाहेर आली तर वाकायचा, आणि न आली तर तासाभरानं पिशवी ठेवून जायचा. आई ती पिशवी मुलींच्या बोर्डिंगात पाठवून द्यायची, एक दाणा घरात घेतला नाही. माझी आई वाईट बाई नाही. दुसऱ्यांना क्षमा करण्यावर ती घरोघर वाचून दाखवते आणि ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. पण रविवारी उपासनेत प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेचं ते वाक्य आलं की तिचा आवाज बंद होई. शेजारी उभा राहून मी ते ऐकत असे. एका वर्षी तो आला तेव्हा मी रजेवर घरात होतो. पडद्याआडून मी त्याला पाहिलं. खांदा एका बाजूला उतरलेला, मिशा आलेल्या, उन्हात उभा. आई म्हणाली, "तुझ्याकडे आलाय, जा हवं तर." मी म्हणालो, मला त्याच्याशी काय बोलायचंय? आणि हे मी तिच्या समाधानासाठी म्हणालो असं तेव्हा स्वतःला समजावलं. दर रजेला ठरवायचो, या खेपेस सांगायचं. मग वाटायचं, पुढच्या खेपेस. लढाई संपली, स्वराज्य आलं, मी मालाच्या बोटीवर तिसरा अधिकारी झालो, घरी पगार पाठवू लागलो... आणि तोंडात मूग धरून बसलो.

कार्ड आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारनं मी राहात्याला गेलो आणि तिथून चालत वाडीवर. म्हातारा बाप मोट हाकत होता. मरण झालं तरी ऊस पाण्याविना कसा राहील? मला बघून त्यानं बैल थांबवले. तेव्हा मला नाड्याला बांधलेलं गोणपाटाचं गाठोडं दिसलं, जुवापासून हातभर अंतरावर. त्यात दगड होते. मी विचारलं, हे काय? "त्येचंच हाय," म्हातारा म्हणाला. "जहाजावनं आला तवापासनं नाड्यावर कंदी बसला न्हाई. बैलाला तर वजन पायजे. मंग ह्ये धोंडं बांधलं." मी म्हणालो, पण मोट सोडून बैल मागे धावेवर चढताना हे ओझं उलट त्यांच्याच मानेवर येत असेल. "येतं की. म्हनून त्यो काय करायचा, बैल माघारी वळलं की गाठुडं दोनी हातानं उचलून धरायचा आन त्येंच्या संगं वर चालायचा. दर मोटंला. त्यो मोडका खांदा घेऊन. म्या लई सांगितलं, बाबा बस, बापजाद्यापासनं बसत आलोय, नाडा काय करतुया? त्यो म्हनायचा, तुमी बसा, मी न्हाई बसनार." एका दिवसात किती मोटा निघतात ते शेतकऱ्याला ठाऊक आहे. मी तो आकडा मांडायला सुरुवात केली आणि सोडून दिला.

भागवतची बायको सरू, वीसेक वर्षांची, कडेवर तान्ही मुलगी. तिनं मला घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं. लोक त्यांच्या मोटेला मारका नाडा म्हणायचे, तिच्या बापानं आधी स्थळ नाकारलं होतं, ह्यानं पोर मारलंय म्हणून, असं ती सांगत होती, तक्रारीचा सूर न लावता. तापात तो 'धर, शांतू, धर' असं बडबडायचा. मग तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "तुमी तितं हुता न्हवं? खरंच ह्येंच्या हातनं झालं का वो? मला कंदी बोललं न्हाईत."

तान्ह्या मुलीनं माझं बटण धरून ओढून बघितलं. मी म्हणालो, "वारा फार होता, बाई." सरूनं मान हलवली. जेवून जा म्हणाली. मी जेवलो. त्या घरची भाकरी खाऊन, हात धुऊन, मी परत नगरला आलो.

आई जागीच होती, दिवा लावून शिवत बसली होती. काय म्हणाले लोक, असं तिनं विचारलं आणि मी दगडांचं सांगितलं. दर मोटेला उचलायचा, म्हणालो. आईनं सुई थांबवली. "पापाचं ओझं असंच असतं," ती म्हणाली. "ज्याचं त्याला वाहावं लागतं." हे वाक्य तिनं भागवतबद्दल म्हटलं आणि मला ते सोसवलं नाही. मी सांगितलं. दाखल्यावरच्या आकड्यापासून बोरीबंदरपर्यंत सगळं, उभ्यानं, एका दमात. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला मारील. तिनं शिवण घडी करून ठेवली. मग म्हणाली, "सहा वर्षं तो पायरीखाली उभा होता आणि तू आत होतास." मग विचारलं, "शांतूनं काही म्हटलं होतं का, पडताना?" मी नाही म्हणालो. ती आत गेली. पहाटे उठून पाहिलं तर ती अंगणातल्या त्या पायरीवर बसली होती, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि मी जवळ गेल्यावर हातानंच मला परत पाठवलं.

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. रविवारी उपासनेहून आल्यावर म्हणाली, "त्याचं नाव तू चारचौघांत जाऊ दिलंस. ते आता घरात, माझ्या एकटीच्या कानात परत देऊन काय उपयोग? लिही. छापायला दे." मी म्हणालो, माझी नोकरी जाईल, मंडळीत तुला लोक बोलतील. ती म्हणाली, "त्यालाही बोलत होतेच की." म्हणून हे लिहिलं. गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा फाडलं, कारण दर वेळी कुठेतरी वाऱ्याचं वर्णन वाढायचं आणि माझं बोलणं कमी व्हायचं.

वर्तमानपत्राची ही पुरवणी हातात पडली की आई वाडीवर जाणार आहे. एकटी, मी बरोबर यायचं नाही, असं तिनं सांगितलं आहे. सरूला आणि म्हाताऱ्याला वाचता येत नाही. परक्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवणं हे आईचं वीस वर्षांचं काम, हेही तीच वाचून दाखवील. मोटेवर म्हातारा असेल, तेव्हा बहुतेक विहिरीवरच, त्या दगडांच्या गाठोड्याशेजारी बसून. तिची अट एकच आहे. शेवट असा लिही, की मला थांबून समजावून सांगावं लागणार नाही.

तर सरूबाई, तुम्ही विचारलं होतंत आणि मी वाऱ्याचं नाव सांगितलं होतं. तुमचा नवरा दोरावर आपणहून बसला नव्हता. तो नको म्हणाला, पुन्हा अडवायला गेला. मी त्याला बसवलं. माझा भाऊ माझ्या हट्टानं गेला. माझ्या आईला ते कळू नये म्हणून भागवतनं सगळं आपल्या अंगावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं.